बिश्केकमधले दहा महिने आणि मला मिळालेली माणसे

सप्टेंबर 2023 मध्ये मी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, दहा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून गेले. शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवायचे आणि त्यांचे खेळ घ्यायचे, एवढे माझे काम होते. कामाची भीती वाटत नव्हती. पण सायंकाळी सहाला केंद्राचे दार बंद झाले की पुढे कोणाशी बोलायचे, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर उभा राहिला आणि त्यातून मार्ग निघायला जवळजवळ चार महिने लागले. परदेशी निघालेल्या मुलामुलींना व्हिसा आणि विम्याची माहिती हवी तेवढी मिळते, या गोष्टीविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

किर्गिझ ही त्या देशाची राज्यभाषा आणि रशियन ही अधिकृत भाषा. 1926 ते 1991 या काळात ज्याचे नाव फ्रुंझे होते, त्या या शहरात आजही दुकानात, दवाखान्यात आणि इमारतीच्या अंगणात रशियन सर्रास बोलली जाते. मला ती येत नव्हती. त्यामुळे सुरुवातीला माझा वावर दोनच ठिकाणी राहिला. एक म्हणजे इतर परदेशी स्वयंसेवक, ज्यांच्याशी इंग्रजीत बोलता येई, आणि दुसरे म्हणजे तिथे एमबीबीएस करणारी आपल्याकडची मुले. सांगली, लातूर, नांदेडकडच्या या मुलामुलींनी 12 नोव्हेंबरला दिवाळीच्या दिवशी मला वसतिगृहावर बोलावून घरून आलेला चिवडा आणि शंकरपाळे पुढे ठेवले, तेव्हा डोळ्यांत पाणी आले. त्यांचा आधार मोठा होता. परंतु स्वयंसेवक दर तीन महिन्यांनी बदलत, ही मुले परीक्षांमध्ये बुडालेली असत, आणि ज्या शहरासाठी मी आले होते तिथल्या एकाही माणसाच्या घराचा उंबरठा मी अजून ओलांडला नव्हता, याची टोचणी मनाला लागून राहिली होती.

डिसेंबरात मी रशियनची शिकवणी लावली. शिकवणीतील इतर परदेशी मुले ज्या गोष्टींवर अडत होती, त्यांतल्या अनेक मला आईच्या भाषेतून आधीच ठाऊक होत्या, हा मला अनपेक्षित लाभ झाला. रशियनमध्ये तीन लिंगे आहेत, आपल्याकडेही तीन. सहा विभक्त्या आहेत, आणि शाळेत ‘स, ला, ते’ घोकलेल्या मुलीला नामाचे रूप वाक्यातल्या कामानुसार बदलते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुरुष ‘मी आलो’ या अर्थी ‘या प्रिशोल’ म्हणतो आणि बाई ‘मी आले’ या अर्थी ‘या प्रिशला’ म्हणते. हिंदीतसुद्धा नसलेले नपुंसकलिंग तिथे भेटले, तेव्हा घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. एवढेच काय, शिक्षिकेला तिच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडून हाक मारायची ही रीतही, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहिणाऱ्या आपल्या माणसाला परकी वाटत नाही. जी मुलेमुली तिकडे जाणार असतील त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की भाषा निघण्यापूर्वीच सुरू करावी. मी तीन महिने उशीर केला आणि ते तीन महिने एकटेपणात गेले.

खरी ओळख मात्र आमच्या जिन्यात झाली. समोरच्या घरात साठीच्या एक किर्गिझ बाई राहत असत. रोज जाता-येता मी त्यांना रशियनमध्ये ‘नमस्कार’ म्हणत असे, आणि एकदा शिक्षिकेला म्हणावे तसे नाव आणि वडिलांचे नाव घेऊन हाक मारली. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मला एजे म्हण.” किर्गिझमध्ये मोठ्या बहिणीला ‘एजे’ आणि मोठ्या भावाला ‘बायके’ म्हणतात, आणि बोलणे रशियनमध्ये चालू असले तरी वयाने मोठ्या माणसाला लोक याच शब्दांनी हाक मारतात. आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो, तसेच. त्या शब्दानंतर माझे त्या जिन्यातले स्थान बदलले.

त्या रविवारी त्यांनी चहाला बोलावले. दारात चपला काढून त्यांनी पुढे केलेल्या सपाता घातल्या, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती बसलो. मधोमध गोल नान होता. तो उलटा ठेवायचा नाही, हे त्यांच्या नातवाने आधीच सांगितले होते. एजेंनी पियाल्यात जेमतेम अर्धा चहा ओतला. किटलीत चहा कमी असावा असे समजून मी पटकन पिऊन टाकला, तर त्यांनी लगेच पुन्हा तेवढाच ओतला. सहाव्या पियाल्याला नातवाने समजावले की काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे पाहुण्याने आता उठावे अशी सूचना, आणि थोडा थोडा ओतणे म्हणजे तू बसावेस, मला पुन्हा पुन्हा तुला वाढता यावे. पुरे झाले की पियाल्यावर तळहात ठेवायचा. त्यानंतर बहुतेक रविवार तिथेच गेले. मी शाकाहारी असल्याचे कळल्यावर त्यांना दोन दिवस चैन पडले नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी खास माझ्यासाठी लाल भोपळ्याचे मांती, म्हणजे सारण भरलेल्या कणकेच्या पुरचुंड्या, वाफवले.

नातवाच्या ओळखीने शनिवारी डोंगरात जाणारा एक गट मिळाला. हिवाळ्यात कोळशाच्या धुराने शहर कोंदलेले असते आणि कधी कधी दक्षिणेकडचे डोंगर दिसतही नाहीत. अशा वेळी चाळीस किलोमीटरवरच्या अला-आर्चाच्या दरीत बर्फातून चालताना श्वास मोकळा होई. चालताना माणसे कमी आणि सोपी वाक्ये बोलतात, त्यामुळे माझी रशियन खरी सुधारली ती तिथेच. 2024 साली पाडवा 9 एप्रिलला होता आणि दुसऱ्याच दिवशी ईद. मी पहिल्या दिवशी एजेंकडे श्रीखंड दिले, दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले छोटे तुकडे, माझ्या ओंजळीत ओतले.

मे महिन्याविषयी लिहिणे जड जाते. 13 मे रोजी स्थानिक आणि परदेशी तरुणांत झालेल्या मारामारीची चित्रफीत पसरली आणि 17 मेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर चालून गेला. भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना घराबाहेर न पडण्यास सांगितले. दिवाळीला मला बोलावणाऱ्या मुली दिवे घालवून खोलीत बसल्या होत्या आणि मला निरोप पाठवत होत्या. माझ्या दारावर थाप पडली तेव्हा अंगाला कापरे भरले. बाहेर एजे होत्या, हातात उशी आणि नान. त्या रात्री त्या माझ्या खोलीत झोपल्या आणि पुढचे चार दिवस त्यांच्या नातवाने माझी भाजी आणून दिली. त्या शहराविषयी कोणी मला विचारले तर मी त्या रात्रीचा जमावही सांगते आणि ती उशीही सांगते, कारण दोन्ही खरे आहे.

जूनच्या शेवटी निघताना सामान दारात ठेवले. एजेंनी सर्वांना बसायला सांगितले. प्रवासाआधी क्षणभर गप्प बसायचे, अशी तिथली रशियन रीत आहे. मी बॅगेवर बसले, एजे आपल्या सपाता घातलेल्या पायांकडे बघत राहिल्या. उठताना मी त्यांना सांगितले की आमच्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि टॅक्सी वळेपर्यंत त्या अंगणात उभ्या होत्या.