वहिनीचे नाकातले व्हिडिओ

माझं काम तसं साधं आहे. चाकणला एका कारखान्यात बेल्टवरून जाणाऱ्या पार्टमधली खोट ओळखणारं कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर लिहितो. वरून पांढरा लाइट, खाली काळा पट्टा, पार्ट दर वेळी त्याच जागी येणार. सगळं आपल्या सोयीचं.

वहिनी ईएनटी सर्जन. दिवाळीत फराळाला बसलो होतो तेव्हा म्हणाली, "भाऊजी, तुमचं ते एआय माझ्या स्कोपच्या व्हिडिओवर चालवून बघा की." तोंडात चकली होती, मान हलवली आणि फसलो.

व्हिडिओ होते सायनसच्या (नाकाभोवतीच्या हाडांमधल्या पोकळ्यांच्या) दुर्बिणीच्या ऑपरेशनचे, ती दुर्बीण म्हणजेच स्कोप, पेशंटचं नाव-गाव काढून टाकलेले. मला वाटलं फ्रेममधले ठळक बिंदू शोधायचे, पुढच्या फ्रेममध्ये तेच कुठे गेले बघायचं, त्यावरून कॅमेरा कसा हलला ते काढायचं, संपला विषय. रात्री चालवलं तर निम्म्याहून जास्त बिंदू ओल्या त्वचेवरच्या चकाकीवर जाऊन बसलेले, आणि स्कोप हलला की चकाकी पण हलते कारण लाइट स्कोपच्याच टोकाला आहे ना! सगळीकडे गुलाबी, सगळीकडे ओलं, मधेच रक्त, मधेच काचेवर वाफ, मग स्कोप बाहेर काढून सॅव्हलॉनमध्ये बुडवायचा, परत आत, आणि माझ्या प्रोग्रामला वाटतं आपण दुसऱ्याच गावात आलो.

पण हा हट्ट कशाला, तर सायनसच्या एका बाजूला डोळा आणि वर मेंदू. डोळ्याच्या बाजूच्या हाडाचं नावच लॅमिना पॅपिरेसिया, म्हणजे कागदासारखा पापुद्रा. आणखी मागे गेलं की ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) आणि कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी धमनी). मोठ्या हॉस्पिटलात नेव्हिगेशन मशिन असतं, ते सीटी स्कॅनवर हत्याराचं टोक कुठे आहे ते दाखवतं, पण त्यातही एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच आणि तो पापुद्रा त्याहून पातळ. शिवाय मशिन महाग. म्हणून ही रिसर्चवाली मंडळी म्हणतात की व्हिडिओ तर आहेच, त्यातूनच जागा ओळखू.

यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बरंच काम केलंय. (स्कोपमधल्या काचेच्या रॉडची रचना ज्यांची, ते हॅरॉल्ड हॉपकिन्स वेगळे, इंग्लंडचे. मी दोन दिवस एकच समजत होतो.) एका कॅमेऱ्यातून काय किती खोल आहे ते कळत नाही आणि नाकाच्या आत फूटपट्टी लावून खरं उत्तर कोण देणार? तर त्यांनी व्हिडिओतूनच जे थोडे भरवशाचे बिंदू मिळतात त्यांच्यावरच न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला) शिकवलं, माणसाने एकही फ्रेम मार्क न करता. २०२० च्या आसपासचे त्यांचे पेपर आहेत. त्यातून आकार मिळतो पण माप मिळत नाही, म्हणजे बोगदा दिसतो पण तो नाकाचा की कात्रजचा ते कळत नाही. माप येतं सीटीशी जुळवल्यावर.

हे वहिनीला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ती हसायला लागली. "अहो, सीटी आधी काढलेला असतो. ऑपरेशनच्या आधी आम्ही नाकात अ‍ॅड्रेनालिनचे पॅक ठेवतो, टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरचे उंचवटे, आकसतात. आणि पॉलिप, म्हणजे आत वाढलेले मऊ गोळे, तर मीच काढून टाकते, मग जुळवणार कशाशी?" खरंय की. नकाशा काढून झाल्यावर रस्ताच बदलायचा असला प्रकार. त्यामुळे हाडावर जास्त भरवसा ठेवायचा आणि मऊ भागावर कमी, एवढं मला सुचलं. ती म्हणाली, "आम्ही पण तेच करतो."

हत्यारं ओळखायचं काम त्यामानाने सोपं वाटलं होतं. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने त्यासाठी सुमारे नऊ हजार फ्रेम मार्क करून ठेवल्यात, निम्म्या मृतदेहांवरच्या आणि निम्म्या खऱ्या ऑपरेशनच्या. मी वहिनीच्या व्हिडिओतल्या चाळीस फ्रेम हाताने मार्क केल्या आणि तिने अकरा चुकीच्या काढल्या. सक्शनचं (रक्त ओढून घेणाऱ्या नळीचं) टोक म्हणून जे मी प्रेमाने रंगवलं होतं ते रक्ताचा थेंब निघालं.

शनिवारी परत बसायचंय. फ्रंटल सायनसचे, म्हणजे कपाळातल्या पोकळीचे, व्हिडिओ आहेत, सत्तर डिग्रीचा स्कोप, म्हणजे स्कोप सरळ जातो आणि बघतो जवळजवळ आडवा. मी आत्तापासूनच मान वाकडी करून सराव करतोय.