पिकअपसाठी ट्रेलर घेताना

भावाचा जुना फोर्ड एफ-१५० पिकअप ह्यूस्टनहून डॅलसला आणायचाय, म्हणून सध्या ट्रेलर बघतोय. जो तो ‘सात हजार पौंडांचा’ दाखवतो. पण त्या ७,००० मध्ये ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं! ते साधारण २,००० वजा केलं की उरतात ५,०००, आणि गाडीच जवळपास तेवढी भरते. म्हणून मी १०,००० चाच घेणार, दोन्ही अ‍ॅक्सलना इलेक्ट्रिक ब्रेक असलेला. क्रू कॅब, म्हणजे चार दारांचा पिकअप, १९ फुटांच्या आसपास जाते, तेव्हा डेक (ट्रेलरचा गाडी ठेवायचा सपाट भाग) २० फुटी हवाच.

गाडी चढवताना इंजिन पुढे ठेवायचं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडतात त्या जोडावर, पडला पाहिजे. कमी पडला तर हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. मला सगळ्यात धास्ती त्याचीच आहे.