रोबोचं न्यूमॅटिक्स हलकं करताना : माझा अनुभव

बेळगावात हायड्रॉलिक्सवाल्यांना, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं करणाऱ्यांना, तोटा नाही. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये डोकवा, पंप नाहीतर व्हॉल्व्हचं काम चाललेलं दिसेल. त्यामुळे रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेच्या टीममध्ये न्यूमॅटिक्स (दाबलेल्या हवेचं काम) माझ्या गळ्यात पडलं तेव्हा सल्ले भरपूर मिळाले, पण बहुतेक तेलातले. "बोअर मोठाच बसव की, ताकद कमी पडायला नको," हे तर सगळ्यांचंच. बोअर म्हणजे दांडा ढकलणाऱ्या सिलिंडरचा आतला व्यास. तेलात मोठा बोअर खपतो, कारण तेल फिरून टाकीत येतं. हवा एक्झॉस्टमधून गेली की गेली. मोठा बोअर म्हणजे जास्त हवा, ती साठवायला जास्त बाटल्या आणि शेवटी वजन.

म्हणून आधी लागणारा जोर मोजला. ग्रिपरला, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या पंजाला, स्प्रिंगचा काटा अडकवून ओढला, तर चार-पाच किलोत काम भागत होतं. स्पर्धेच्या नियमाने दाब ६ बारच्या (बार हे दाबाचं माप) वर नेता येत नाही. तेवढ्या दाबाला ३२ मिमी बोअर साधारण ४८० न्यूटन देतो, १६ मिमीचा १२०, म्हणजे साधारण बारा किलोचा जोर. आम्हाला १६ मिमी ४ बारवरही पुरला.

खरी गंमत नळीत होती. १६ बोअर, ५० मिमी स्ट्रोकच्या (दांडा एकदा सरकतो ते अंतर) सिलिंडरात १० घनसेंमी हवा मावते. बाहेरून ६ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) नळी आतून ४ मिमी असते. तिच्या एका मीटरात साडेबारा! आमचे व्हॉल्व्ह खाली बॅटरीशेजारी छान ओळीत बसवलेले, तिथून ग्रिपरपर्यंत दीड मीटर नळी. म्हणजे दर स्ट्रोकला आम्ही सिलिंडरपेक्षा नळीच जास्त भरत होतो. व्हॉल्व्ह हाताच्या कोपरापाशी नेला आणि नळी बाहेरून ४ मिमीची, वीतभर केली. अगदी टोकाला नेला असता तर हातच जड झाला असता. दोन लिटरच्या बाटलीत ६ वरून ४ बारवर येईपर्यंत आधी हिशोबाने पस्तीसेक स्ट्रोक निघायचे, आता त्याच्या दुपटीहून जास्त. ग्रिपर उघडताना जोर लागतच नाही, म्हणून तिथे स्प्रिंग रिटर्न, म्हणजे स्प्रिंगनेच मागे येणारा, सिलिंडर घेतला. परतीची हवाही वाचली.

गळतीचं गुपित ओळखीच्या टर्नरकाकांनी सांगितलं. "कात्री ठेव बाजूला, ब्लेडनं काटकोनात काप. तिरकी कापलीस तर फिटिंगात नीट बसणार नाही." त्यानंतर साबणाच्या पाण्याला बुडबुडे येईनासे झाले.

कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटल्या नियमात चालतात, पण ओरखडा किंवा चेप दिसला की मी थेट कचऱ्यात टाकतो. त्यात काटकसर नको. आणि कॉम्प्रेसरवर झटपट भरली की बाटली कोमट होते. गार झाल्यावर दाबाचा काटा थोडा खाली येतो आणि पोरं उगाच गळती शोधत बसतात. पाचेक मिनिटं थांबायचं, पुन्हा ६ पर्यंत भरायचं आणि मग रोबो मैदानात न्यायचा.