फीट येणाऱ्या खारीची वही

दादाला लहानपणापासून एपिलेप्सी आहे, त्यामुळे फीट बघून मी घाबरत नाही असा माझा समज होता. शंभर ग्रॅमच्या जिवाला आलेली फीट मात्र मी कधी पाहिली नव्हती. माणसाची फीट दिसते तशी ऐकूही येते. खारीची जवळजवळ आवाज न करता येते. आधी मिशा थरथरतात, मग जबडा काहीतरी चावल्यासारखा हलू लागतो, मान पाठीकडे ओढली जाते आणि चारही पाय हवेत वल्हं मारत राहतात. शेपटीचा केस न् केस उभा. मी खोक्याच्या भोकातून बघत नसते तर आत काय चाललंय ते कळलंही नसतं.

"व्हिडिओ काढ," दादा फोनवर म्हणाला. "आणि अगं, धरू नकोस तिला. घड्याळ बघ."

जखमी खार सापडली तर काय करायचं यावर बरंच लिहिलेलं सापडतं. ऊब द्या, अंधार करा, पुनर्वसन केंद्राला फोन करा. सगळं बरोबर आहे. पण खारीला फीट येत असेल तर त्यातल्या काही गोष्टी बदलतात, आणि तेवढंच मला इथे लिहायचं आहे.

ही खार झाडाखाली कुशीवर पडलेली होती. पूर्ण वाढलेली मादी, डाव्या नाकपुडीत सुकलेलं रक्त, एका डोळ्याची बाहुली मोठी आणि दुसऱ्याची बारीक. डोळे आडवे लकलक हलत होते. दोन बाहुल्या सारख्या नसणं आणि डोळे असे हलणं म्हणजे डोक्याला मार, हे प्राण्यांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं. मग त्यांनी केस ओले करून, फुंकर मारत, भांग पाडत सगळं अंग तपासलं. मांजराच्या दाताची खूण टाचणीच्या टोकाएवढी असते आणि खारीच्या दाट केसांत ती लपून जाते. वरून जखम दिसत नसली तरी मांजराच्या तोंडातले जंतू अशा लहान जिवाला थोड्या वेळात संपवू शकतात. खूण सापडली नाही, तरी शंकेला जागा नको म्हणून त्यांनी अँटिबायोटिक सुरू केलं.

अनेक देशांत वन्य प्राणी परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. केंद्रात जागा होईपर्यंत, त्यांच्या सांगण्यावरून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती माझ्याकडे राहिली. खोका कसा असावा हे केंद्रातल्या ताईंनी फोनवर सांगितलं. उंची कमी, फांद्या नाहीत, पाण्याची वाटी नाही. झटक्यात तोंड वाटीत गेलं तर दोन बोटं पाण्यातही खार बुडते. खाली टर्किश टॉवेल अंथरायचा नाही, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत नखं अडकतात आणि फीट आली की नख किंवा बोटच निघून येतं. मी जुन्या टी-शर्टच्या घड्या घातल्या आणि चारही भिंतींना त्याच कापडाच्या गुंडाळ्या लावल्या.

उबेचंही तसंच. गारठलेल्या प्राण्याला ऊब लागतेच. डोक्याला मार असेल तर मात्र जास्त गरम करायचं नाही, त्याने मेंदूची सूज वाढू शकते. शिवाय फीटमध्ये स्नायू इतके राबतात की अंग आपोआप तापतं. म्हणून गरम पाण्याची बाटली खोक्याच्या बाहेरून, एकाच टोकाला. डोक्याकडची बाजू किंचित उंच. बस.

पाणी पाजायचा मोह सगळ्यांना होतो. आमच्या शेजारच्या काकू तर ड्रॉपर घेऊनच आल्या होत्या, आणि त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटलं. पण शुद्धीत नसलेल्या खारीच्या तोंडात टाकलेला थेंब फुप्फुसात जातो. गिळते आहे, मान सावरून धरते आहे, हे दिसेपर्यंत तोंडात काहीही नाही. तोवर डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात. आणि फीट चालू असताना तोंडात बोट, चमचा, कापूस काहीही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, माणसाचीही नाही आणि खारीचीही नाही. बोट मात्र नक्की तुटकं-फुटकं होऊन बाहेर येतं, तिचे पुढचे दात कवच फोडायला बनलेले आहेत. चावलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि आपल्या, म्हणजे माणसांच्या, डॉक्टरांना दाखवायची. खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळजवळ सापडत नाही, पण जखम खोल असते.

मग करायचं काय? वही. दादाची अशी वही आईने कित्येक वर्षं लिहिली, त्यामुळे रकाने मला पाठ होते. सुरू झाली ती वेळ, किती सेकंद, कुठल्या बाजूने, आधी काय घडलं, नंतर किती वेळ भ्रमिष्टासारखी होती. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात. झटके थांबले की संपलं असं वाटतं, पण त्यानंतर ती आंधळ्यासारखी भिंतीला नाक लावून चालायची, एकाच दिशेने गोल फिरायची. तेव्हा झाकण उघडून लाड करायला गेलं तर तिच्या दृष्टीने आपण शिकारी प्राणीच. वन्य जिवाला माणसाच्या हाताने धीर येत नाही, छातीची धडधड वाढते. इंटरनेटवर खारीला उशाशी घेऊन गोंजारणारे व्हिडिओ बघितले की मला आता चीडच येते.

सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकीतून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर रात्र असो की पहाट, डॉक्टर गाठायचेच. एकदा तशी वेळ आली. त्यांनी मिडाझोलॅम, म्हणजे चालू फीट थांबवणारं औषध, दिलं आणि ती सैल पडली.

वहीचा उपयोग कसा झाला ते सांगते. फीट बहुतेक पहाटेच्याच होत्या, रात्रभर पोटात काही नसताना. मार लागल्यामुळे फीट येते हे खरं, पण रक्तातली साखर उतरली तर ती आणखी लवकर येते. डॉक्टरांनी एका थेंबावर साखर तपासली, कमी निघाली. रात्री उशिरा आणि पहाटे थोडं खाणं सुरू केल्यावर पहाटेच्या नोंदी विरळ झाल्या. कॅल्शियम कमी पडलं तरी फीट येते. ते तपासायला जास्त रक्त हवं होतं, आणि तिथेच अडलं. शंभर ग्रॅमच्या प्राण्यात सगळं मिळून सात मिलिलीटरच्या आसपास रक्त असतं. धडधाकट असली तरी एका वेळी वजनाच्या एक टक्क्याहून जास्त काढत नाहीत, म्हणजे जेमतेम एक मिलिलीटर. आजारी असेल तर त्याहून कमी.

कॅल्शियमचा मुद्दा मोठ्या जंगली खारीत सहसा येत नाही, घरात वाढवलेल्या पिल्लांत हमखास येतो. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, मका हे तिला आवडतं, म्हणून लोक तेच देत राहतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत कॅल्शियम साधारण ९० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस त्याच्या चौपट. खरं तर कॅल्शियम निदान बरोबरीने हवं, जास्त असलं तर उत्तमच. त्यात ऊन नाही, म्हणजे ड जीवनसत्त्व नाही. मग हाडं वाकतात, मागचे पाय ओढत चालतात आणि शेवटी फीट. कुणाकडे अशी पिल्लू-खार असेल आणि तिला झटके येत असतील तर आधी या कारणाचा संशय घ्यावा. उंदराचं किंवा किड्यांचं विष खाल्लेलं असणं हे आणखी एक कारण. या जातीच्या प्राण्यांना उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं ओकून काढायचे घरगुती उपाय मुळातच निरुपयोगी आहेत.

औषधाची मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. एक थेंब म्हणजे ०.०५ मिलिलीटर. इतक्या लहान अंगात एका थेंबाच्या फरकाने औषधाचं विष होतं. फीट येऊ नये म्हणून नेमाने द्यायला फेनोबार्बिटल हे औषध होतं. दादाला हे नाव ओळखीचं. "झोपाळू करेल, पण एकदम बंद करायचं नाही, सांग तुझ्या डॉक्टरांना," तो म्हणाला. डॉक्टरांना माहीत होतंच.

खरी वादावादी पुढे झाली. माणसांत डोक्याला मार लागल्यावर पहिल्या सात दिवसांत येणाऱ्या फीट आणि त्यानंतरच्या फीट वेगळ्या धरतात. नंतरच्या असतील तर त्या पुन्हा पुन्हा येण्याचा धोका जास्त. आमच्या वहीत दुसऱ्या आठवड्यातही नोंदी होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषधाशिवाय फीट थांबल्या नाहीत तर तिला सोडता येणार नाही, आणि जन्मभर पिंजरा हा जंगली खारीसाठी उपाय नव्हे. दयामरणाचा विचार करून ठेवा.

दादाला ते झोंबलं. "फीट येते म्हणून मारायचं?"

मी म्हटलं, "तुला गोळी आहे, पलंग आहे, आम्ही आहोत. तिला फांदीवर फीट आली तर?"

"मीपण शिडीवर चढत नाहीच की."

"तू शिडीशिवाय जगू शकतोस, दादा."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की निदान औषध हळूहळू कमी करून बघेपर्यंत थांबायला सांग. त्यावर आमचं दोघांचं एकमत झालं. डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं.

आता ती केंद्रात आहे. मान अजून थोडी डावीकडे कलते. आधी बुटक्या पिंजऱ्यात होती, मग फूटभर उंचीची फांदी, मग खाली जाड गवत अंथरलेला मोठा पिंजरा. ताईंनी पाठवलेल्या व्हिडिओत ती जाळीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि डोकं खाली करून उतरली. मागचे घोटे उलटे फिरतात म्हणून खारीला ते जमतं, आणि तोल गेलेल्या खारीला नेमकं तेच जमत नाही. दादाने तो व्हिडिओ बघून एवढंच विचारलं, "औषध कितीवर आणलंय?" निम्म्यावर. पूर्ण बंद झाल्यावरही काही आठवडे एकही फीट आली नाही तर सोडायचं ठरेल. वही आता ताईंकडे आहे, रकाने तेच.