चाणिच्चेद

मे महिन्यातली नागपूरची दुपार, कूलर नुसता गरम हवा फेकून राहिला होता आणि भाची व्याकरणाच्या वहीवर डोकं टेकवून बसलेली. देऊळ, देवळात. पाऊस, पावसात. मामा, पाऊसात का नाही? म्हटलं नाही म्हणजे नाही, लिही गुपचूप.

पण अडकलं ना डोक्यात. आपल्या भाषेत हे घोळ आपोआप झाले, ठीक आहे, पण ज्यांनी टेबलावर बसून भाषा बनवल्या त्यांना काय गरज? झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये एस्पेरांतो काढली, नियम १६, अनेकवचन पाहिजे तर नामाच्या शेवटी 'य' लावा, विषय संपला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किननं मात्र आपल्या गोष्टींतल्या एल्फ लोकांसाठी बनवलेल्या सिंदारिन भाषेत मुद्दाम भानगड करून ठेवली. अदन म्हणजे माणूस, एदाइन म्हणजे माणसं. का, तर फार पूर्वी शेवटी एक 'ई' होती, तिनं आधीच्या दोन्ही 'अ'ना आपल्याकडे ओढलं आणि मग स्वतःच गळून गेली. आता ही 'ई' जगात कोणी कधी बोललंच नव्हतं, तरी पठ्ठ्यानं तिचं जाणं रचलं, वेल्स देशातल्या वेल्श भाषेचं वळण गिरवत. मला हेच आवडतं बुवा. एस्पेरांतो म्हणजे पजेशन मिळालेला नवा फ्लॅट, भिंतीला एक पोपडा नाही.

आमची लहानपणी 'च'ची भाषा होती नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्यात, मी आणि आतेबहीण. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, त्याची मात्रा 'च'ला द्यायची. पाणी दे म्हणजे 'चाणीप चेद'. पण आजीच्या कानावर पडू नये म्हणून भराभर बोलायचो, तर 'प' पुढच्या 'च'त विरघळला, जोडाक्षर आलं तशी 'णी' आखूड झाली, आणि एका उन्हाळ्यात 'चाणिच्चेद' होऊन बसलं. कोणी ठरवलं नव्हतं. शेजारचा पोट्टा नियम शिकून आला आणि 'चाणीप चेद' म्हणाला तर आम्ही दोघं त्याच्यावर हसलो, कसं पुस्तकी बोलून राहिला म्हणून. आजी म्हणायची, काहून चिवचिवता रे दिवसभर.

शेजाऱ्याला हसणं बरोबर नव्हतं म्हणा, नियम तर त्याचाच खरा होता.

वाड्याच्या वाटणीसाठी मध्यंतरी वकिलाकडे बसलो होतो. आतेबहीणही आली होती. दोघंही एकदम शुद्ध मराठीत बोललो.