१३२ कॉलम आणि आम्ही

कोथरूडमध्ये दोन फ्लॅट जोडून केलेल्या ऑफिसात आमचं काम चालतं. अमेरिका-युरोपातल्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य संगणकांवर, रात्रीच्या बॅचमध्ये (एकगठ्ठा चालणाऱ्या कामांत) जे रिपोर्ट निघतात, ते प्रिंटरवर न जाता ज्याला हवेत त्याच्या ईमेलमध्ये सकाळी पोचतील अशी व्यवस्था आम्ही लावून देतो. ओव्हरड्राफ्टच्या वेळी बँकेतल्या साहेबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही प्रिंटर विकता?" मी म्हटलं, "नाही साहेब, बंद करतो." त्यांना धंदा फारसा पटला नसावा. ओव्हरड्राफ्ट मिळाला, पण फ्लॅट तारण ठेवून.

मी आणि माझा भागीदार दोघंही अंधेरीच्या सीप्झमध्ये कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर वाढलो. वाय-टू-केच्या काळात, म्हणजे २००० सालाला संगणक १९०० समजतील या भीतीच्या काळात, दोन आकडी वर्ष शोधत दुसऱ्यांचे जुने प्रोग्राम आणि जेसीएल (मेनफ्रेमला जॉब, म्हणजे एकेक काम, कसं चालवायचं हे सांगणारी भाषा) वाचणं, हाच आमचा व्यवसाय होता. २००० साल उजाडलं, जग काही बुडालं नाही आणि आमचं काम मात्र आटलं. बरोबरीचे बहुतेक जण जावाकडे वळले. आमची तिकडे जायची तयारी नव्हती असं नाही. पण तीस वर्षांपूर्वी लिहिलेला जॉब वाचून तो कशासाठी लिहिला होता हे ओळखता येणं, ही काही सगळ्यांकडे असलेली गोष्ट नव्हती. ती टाकून नव्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहण्यात आम्हाला अर्थ वाटेना. पुण्यात येऊन फर्म काढली, मिळेल ते मेनफ्रेमचं किडूकमिडूक काम घेतलं. ईमेलचं काम त्यातूनच हाताला लागलं.

ज्यांना मेनफ्रेमची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेनफ्रेमवर जॉब थेट प्रिंटरवर छापत नाही. त्याचं आउटपुट आधी जेईएस-टू या जॉब सांभाळणाऱ्या प्रणालीच्या स्पूलवर, म्हणजे डिस्कवरच्या प्रतीक्षेच्या जागेत, जाऊन बसतं, त्याला एक क्लास असतो आणि त्या क्लासकडे डोळा लावून बसलेला रायटर नावाचा प्रोग्राम ते उचलून प्रिंटरला देतो. रिपोर्टची रुंदी १३२ अक्षरं, कारण १९५९ मध्ये आयबीएम १४०१ संगणकासोबत आलेला १४०३ प्रिंटर एका ओळीत १३२ अक्षरं छापायचा, मिनिटाला ६०० ओळी. तो प्रिंटर म्युझियममध्ये गेला तरी ते १३२ कॉलम कायम राहिले. त्यांच्यापुढे आणखी एक अक्षर असतं, ते छापण्यासाठी नसून प्रिंटरला सूचना देण्यासाठी: १ असेल तर नवं पान, ० असेल तर एक ओळ सोडून, अधिक चिन्ह असेल तर मागच्याच ओळीवर पुन्हा छाप. म्हणून रेकॉर्ड १३३चा. आमचा निम्मा धंदा या एका जादा अक्षरावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

पहिलं मोठं काम आलं अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विमा कंपनीचं. त्यांच्या प्रोग्रामरने स्वतःच ईमेलचा जॉब बांधला होता. पद्धत सरळ होती: आयईबीजेनर या जुन्या कॉपी प्रोग्रामने एसएमटीपीच्या (ईमेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) आज्ञा आणि त्यांच्यामागे रिपोर्ट असं सगळं सिसआउटवर, म्हणजे स्पूलकडे जाणाऱ्या आउटपुटमध्ये, टाकायचं आणि ते उचलणाऱ्या एक्स्टर्नल रायटरचं नाव एसएमटीपी द्यायचं. मेल सर्व्हर ते स्पूलवरून उचलतो. आधी रिपोर्ट जसाच्या तसा पाठवला तेव्हा ओळींपुढे १ आणि ० दिसायला लागले, म्हणून त्यांनी सॉर्ट प्रोग्राममध्ये पहिला कॉलम कापून टाकला. त्यानंतर काही रिपोर्ट पूर्ण यायचे, काही अर्धेच. जॉबचा रिटर्न कोड मात्र दर वेळी शून्य, सगळं आलबेल.

कारण सापडलं ते एका टिंबात. एसएमटीपीमध्ये ओळीत फक्त एक टिंब आलं की पत्राचा मजकूर संपला असं धरतात. या रिपोर्टच्या मधल्या एका पानावर डावीकडे कडेला असंच एकटं टिंब छापलेलं होतं. कागद प्रिंटरमध्ये नीट बसला आहे की नाही, हे ऑपरेटरला कळावं म्हणून कोणीतरी कधीकाळी घातलेली खूण. पहिला कॉलम कापल्यावर ते टिंब ओळीच्या सुरुवातीला आलं. तिथे पत्र संपलं आणि पुढच्या सगळ्या ओळी सर्व्हर आज्ञा समजून वाचत बसला. अर्थातच एकही आज्ञा त्याला कळली नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे आणखी एक टिंब लावायचं, इतकाच उपाय. पण तो ऑपरेटर, तो कागद आणि ती खूण डोळ्यांसमोर येण्यासाठी जुन्या जेसीएलची सवय लागते. वाय-टू-केने दिलेली शिदोरी इथे कामाला आली.

अधिक चिन्हानेही असाच घोळ घातला. लाइन प्रिंटरवर अक्षर ठळक करायचं तर तीच ओळ तीनदा छापत. कागदावर ती ठळक दिसते. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये ती तीन वेळा दिसते. त्या विमा कंपनीच्या हिशेब खात्यातल्या बाईंनी कळवलं की एकूण रक्कम तिप्पट आली आहे. तिप्पट झालेली नव्हती, एकाखाली एक तीन वेळा आली होती. पण सकाळी घाईत बघणाऱ्याला तो फरक कसा दिसणार? शिवाय मेल वाचायच्या खिडकीत कॉलम एकाखाली एक राहत नाहीत, फॉन्ट बदलला की सगळी चाळण होते. तेव्हापासून आम्ही पीडीएफचा आग्रह धरला. त्यातही गंमत आहे. आडव्या पानावर १३२ अक्षरं कुरिअर फॉन्टच्या नऊ पॉइंटमध्ये बसतात, पण जुन्या पानाच्या ६६ ओळी उंचीत बसवायच्या तर आठवर यावं लागतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्या ग्राहकांकडून याबद्दल बोलणी खाल्ली आहेत.

हे सगळं करणारी साधनं बाजारात नव्हती का? होती. मोठ्या कंपन्यांची आउटपुट मॅनेजमेंटची उत्पादनं होती, मशीनच्या ताकदीनुसार लायसन्सचे पैसे लावणारी. दुसऱ्या टोकाला एक्समिटआयपी आणि टीएक्सटीटूपीडीएफ ही रेक्स या मेनफ्रेमवरच्या स्क्रिप्ट भाषेत लिहिलेली फुकट साधनं होती, आजही उत्तम चालतात. छोट्या गरजेच्या ग्राहकाला आम्ही आधी तीच वापरायला सांगतो. त्याने आमचं एखादं काम जातं, पण तोच माणूस मोठी अडचण आली की आम्हालाच फोन करतो. शिवाय मेनफ्रेमवर पीडीएफ बनवायला सीपीयू खर्च होतो, आणि बऱ्याच ग्राहकांचं सॉफ्टवेअरचं बिल महिन्यातल्या चार तासांच्या सरासरी वापराच्या शिखरावर ठरतं. महिनाअखेरीच्या रात्री त्याच शिखरावर पीडीएफचा ढीग टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिथे आम्ही मजकूर बाहेर काढून लिनक्सच्या साध्या मशीनवर पीडीएफ बनवतो.

जर्मनीतल्या ग्राहकाकडे वेगळाच अनुभव आला. एकही मेल पोचेना. मेनफ्रेम एबसीडिक ही अक्षरांना कोड देण्याची पद्धत वापरतो आणि तिचे देशागणिक वेगवेगळे कोडपेज, म्हणजे कुठल्या कोडला कुठलं अक्षर याचे तक्ते, असतात. जर्मन २७३ कोडपेजमध्ये ॲट चिन्ह (@) बी-५ या कोडवर आहे. अमेरिकन पद्धतीने तो कोड वाचला तर तिथे कलमाचं चिन्ह (§) निघतं. त्यांच्या ऑपरेटरने पत्ते स्वतःच्या टर्मिनलवर अगदी बरोबर टाइप केले होते, पडद्यावरही बरोबरच दिसत होते. सर्व्हरला मात्र प्रत्येक पत्त्यात कायद्याचं कलम दिसत होतं. नवीन पोराला कोडपेज शिकवताना मी हेच उदाहरण देतो, कारण यात दोन्ही बाजू बरोबर आहेत.

इथवरचं कौशल्य कोणीही शिकू शकतं. आमचा खरा धंदा पुढच्या प्रश्नात आहे आणि तो कळायला आम्हाला काही वर्षं लागली: हा रिपोर्ट वाचतं कोण?

छपाई होत होती तोवर याचं उत्तर डोळ्यांना दिसायचं. काउंटरवर हिरव्या पट्ट्यांच्या कागदाचा गठ्ठा तीन दिवस तसाच पडला, की प्रिंट रूममधला माणूस विचारायचा, हे कुणाचं? आणि छपाई थांबवायचा. ईमेलला असा काउंटर नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर रोज पहाटे चारशे पानं जात राहतात, परत येतात, ज्या खोक्यात परत येतात ते खोकं कोणी उघडत नाही. कागद, शाई आणि टपाल वाचल्याचा तक्ता वरिष्ठांना दाखवला जातो आणि सगळे खूश. मला यात काही जिंकल्यासारखं वाटत नाही. न वाचलेला कागद जाऊन न वाचलेली फाइल आली, एवढंच.

म्हणून आता आम्ही एकही रिपोर्ट ईमेलवर वळवण्याआधी एसएमएफचे टाइप ६ रेकॉर्ड मागतो. कुठल्या जॉबचं काय, कुठे, किती छापलं, याची नोंद मेनफ्रेम त्यात ठेवतो. त्यावरून यादी करायची आणि प्रत्येक रिपोर्टपुढे वाचणाऱ्याचं नाव लिहून मागायचं. खात्याचं नाव चालत नाही, माणसाचं हवं. नाव मिळालं नाही तर तो रिपोर्ट स्पूलवरच ठेवायचा आणि बोंब होते का बघायचं. बहुतेक वेळा होत नाही. या पायरीचे आम्ही वेगळे पैसे लावतो. काहींना ते रुचत नाही. "तुम्ही फक्त पाठवा, वाचायचं आमचं आम्ही बघू," असं स्पष्ट सांगून एका मोठ्या ग्राहकाने काम दुसरीकडे दिलं. नुकसान झालं, तो महिना ओढाताणीचा गेला. पण रिपोर्टमागे पैसे मिळतात म्हणून हवे-नको सगळे रिपोर्ट मेलवर ढकलायचे, हे माझ्या भागीदाराला मंजूर नव्हतं आणि मलाही नाही.

वाचणाऱ्याचं नाव मागण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत आरोग्यविम्याच्या रिपोर्टवर १९९६ च्या हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याची नजर असते. ट्रेमध्ये पडलेला कागद फार तर शेजारचा वाचेल. चुकीच्या पत्त्यावर गेलेली फाइल कुठे जाईल याचा नेम नाही. अशा रिपोर्टसाठी आम्ही जोडफाइल पाठवतच नाही. मेलमध्ये फक्त रिपोर्ट तयार असल्याची सूचना, फाइल लॉगिनच्या आत.

कामाच्या दोन लाटा आल्या त्याही बाहेरूनच. आयबीएमने २००९ मध्ये झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १.११ आवृत्तीसोबत सीएसएसएमटीपी हे मेलचं नवं साधन आणलं, जे मेल फक्त बाहेर पाठवतं, स्वीकारत नाही. २०१७ मध्ये आवृत्ती २.३ आली तेव्हा जुना एसएमटीपीडी सर्व्हर काढूनच टाकला. सूचना आधीपासून होती, तरी लग्नघरासारखी सगळ्यांची धावपळ शेवटच्या आठवड्यात. एक्स्टर्नल रायटरचं नाव जुनंच ठेवता येतं, त्यामुळे बहुतेक जेसीएलना हात लावावा लागत नाही, हे समजल्यावर अनेकांचा जीव भांड्यात पडला. मग मार्च २०२० आलं. ऑफिसं बंद, प्रिंट रूममध्ये माणूस नाही, बॅच मात्र रोज रात्री चालूच. स्पूल भरत चालल्याचे जेईएसचे इशारे येऊ लागले आणि वर्षानुवर्षं "आमचा कागदच बरा" म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले. आमचीही मंडळी घरी बसूनच काम करत होती. तळेगावहून, साताऱ्याहून, एकजण तर सिंधुदुर्गात आंब्याच्या बागेतून, रेंज सापडेल तिथे बसून.

चेकची छपाई आम्ही कुठेच बंद केलेली नाही. चुंबकीय शाईची ओळ लागते, तिथे प्रिंटरच हवा. हल्ली मागणी येते ती एक्सेलची. आमची सुबक पीडीएफ उघडून त्यातले आकडे पुन्हा हाताने एक्सेलमध्ये भरणारी माणसं आम्हाला यादी करताना सापडली. आता नवीन कामांत निम्म्या रिपोर्टचं पान आम्ही मोडूनच टाकतो: शीर्षकं, पानांचे नंबर, ठळक बेरजा सगळं वगळून साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली, एक्सेलमध्ये उघडणारी फाइल. त्यासाठी जावा आणि पायथन येणारी दोन मुलं घेतली आहेत. त्यांना सध्या मी एएसएची, म्हणजे ओळीपुढच्या त्या सूचनांची, अक्षरं शिकवतो आहे आणि ती मला पायथन.