एका मृत्युदाखल्यावर अडलेलं आमचं संग्रहालय

आमच्या मशिदीच्या माडीवर दोन खोल्या आहेत. त्यांतल्या वस्तू गेल्या महिन्यात देशभरातल्या संग्रहालयांच्या जाळ्यात दाखल झाल्या. मशीद म्हणजे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. रायगडातले आम्ही बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आलो. वस्तूंची मोजमापं, फोटो, वर्णनं हे सगळं आम्ही तिघींनी मिळून एका उन्हाळ्यात उरकलं, त्यात काहीच अडलं नाही. अडलं ते एका टेबलावर, चौदा महिने. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहिते आहे. तुमच्या समाजाचं किंवा गावाचं छोटं संग्रहालय असं कुठं जोडायचं असेल तर वस्तूंना हात लावायच्या आधी ट्रस्टचे कागद काढा.

जाळ्यात यायचं तर संस्थेच्या वतीनं सही कोण करणार, हे दाखवावं लागतं. त्यासाठी ट्रस्टच्या नोंदवहीचा ताजा उतारा लागतो, म्हणजे शेड्यूल एक. आमचा उतारा हातात आला तेव्हा मी मटकन खाली बसले. सात विश्वस्त, त्यातले चार वारलेले, दोघं इस्रायलला स्थायिक आणि उरलेले एक माझे वडील. प्रत्यक्षात कारभार बघणाऱ्या आम्हा कुणाचंच नाव त्यात नव्हतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 प्रमाणे विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आमच्याकडे माणसं एकामागून एक विमानात बसून गेली, मागे राहिलेल्यांनी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मशिदीचं कुलूप उघडलं, दिवे लावले. रिपोर्ट द्यायचा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

विलंबमाफीच्या अर्जासकट धर्मादाय कार्यालयात रिपोर्ट दाखल केला. परदेशातल्या दोघांची राजीनाम्याची प्रतिज्ञापत्रं आली, तीन मृत्युदाखले इथलेच होते, तेही लागले. चौथे विश्वस्त सामाजीकाका. ते इस्रायलमधल्या डिमोनाला वारले. त्यांचा दाखला हिब्रूत.

पहिल्यांदा तो परत आला, कारण भाषांतर नव्हतं. हे मला पटलं. आत्या डिमोनालाच असते, वय 78. ती नोटरीकडे गेली, इंग्रजी भाषांतर करून घेतलं, मग तिथल्या कोर्टात जाऊन नोटरीच्या सहीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा, शिक्का आणला. भारत आणि इस्रायल दोन्ही अपोस्टिल कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे दूतावासाकडून आणखी साक्षांकन लागत नाही. हे कार्यालयात सांगायला मला दोन हेलपाटे पडले. नियमाची प्रत छापून फाइलला लावली तेव्हा कुठं ऐकलं. तुम्ही ती पहिल्याच दिवशी लावा.

तिसऱ्यांदा कागद परत आला तो नावावरून. "उताऱ्यात सामाजी आहे, दाखल्यात श्मुएल आहे. हे दोन वेगळे इसम. सामाजींचा दाखला आणा." मी म्हटलं, साहेब, सामाजी म्हणजेच सॅम्युएल आणि सॅम्युएलचंच हिब्रू श्मुएल. आमच्यात घरचं नाव मराठी वळणाचं आणि मशिदीतलं हिब्रू, हे पहिल्यापासून आहे. मुंबईतली पहिली मशीद 1796 मध्ये ज्यांनी बांधली ते सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल. मांडवीतला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. क्लार्कनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पुरावा द्या." त्यानंतर पाच महिने तारीख, पुढची तारीख, साहेब रजेवर, पुन्हा तारीख. दर वेळी सकाळची एसटी, दुपारपर्यंत बाकावर बसणं आणि रिकाम्या हातानं घरी. ज्या माणसानं तीस वर्षं मशिदीचा हिशेब ठेवला, तो मेलाय हे सिद्ध करत फिरायचं, याचा मला फार त्रास झाला.

पुरावा निघाला तो आमच्याच कपाटातून. वस्तू क्रमांक 23, सामाजीकाकांचा कतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, 1953 चा. कडेनं वेलबुट्टी, मधला मजकूर हिब्रू अक्षरांत, त्यात वराचं नाव श्मुएल. आणि तळाशी निळ्या शाईत, थोडी फुटलेली, मराठी सही: सामाजी. नोंद करताना मीच त्याचा फोटो काढला होता, सही मात्र नीट पाहिली नव्हती. हिब्रू वाचणाऱ्या आमच्या एका वडीलधाऱ्यांनी त्या ओळीचं भाषांतर प्रतिज्ञापत्रावर दिलं, आत्यानं दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पाठवलं. मूळ कतुबा प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी स्वतः घेऊन गेले. क्लार्कनं पाकिटावरून सहीखाली बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि फाइल आत नेली. तीन आठवड्यांत आदेश झाला. एसटीत मी रडले.

बाकीच्या गोष्टी आठवतील तशा. तिश्री या ज्यू महिन्यातल्या सणांत, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, इस्रायलमधली कामं रेंगाळतात. कागद त्याआधी मागवा. वस्तू देणगी म्हणून मागितल्या तरी लगेच देऊ नका, नुसती नोंद आणि फोटोही चालतात का ते विचारा. आमची एकही वस्तू गावाबाहेर गेलेली नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली केली आहे, मोठी संग्रहालयं तिच्यात नोंदी ठेवतात. आपल्या वहीतले रकाने त्या धर्तीवर आधीच पाडले तर पुढे दुबार टंकन वाचतं. प्रकाराच्या रकान्यात 'धार्मिक' किंवा 'घरगुती' यातलं एकच निवडायला सांगितलं होतं. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करतो ते पितळी तबक दोन्हीत बसतं, पोहे-खोबरं त्याच तबकात कालवतो आणि बराखाही, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, त्यावरच म्हणतो. मी वर्णनात तीन ओळी जास्त लिहिल्या, त्या तशाच ठेवल्या गेल्या. तेलाचं मापही आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला शनिवार तेली म्हणत, ते त्या मापाच्या नोंदीत लिहिलं आहे.

आणि क्रमांक 23 च्या नोंदीत नावाच्या रकान्यात मी लिहिलं: सामाजी ऊर्फ श्मुएल.